'शके' मधला शक नेमका कोण?

प्रश्न असा आलाय: भाचीच्या फेब्रुवारी २०२६ मधल्या लग्नाच्या पत्रिकेत "शालिवाहन शके १९४७" छापायचं की "शालिवाहन शक १९४७"? आणि मुळात शक म्हणजे तर बाहेरून आलेले लोक, आपल्या शालिवाहनाने त्यांना पिटाळलं असं लहानपणापासून ऐकलंय, मग वर्षाला नाव त्यांचंच कसं काय?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. आकडा पुढे असेल तर "शके", नुसतं नाम म्हणून वापरायचं तर "शक". म्हणजे "शके १९४७" पण "शालिवाहन शक पाडव्याला बदलतो". "शके" ही संस्कृतातली सप्तमी आहे, अर्थ "शकात", आणि ती तशीच्या तशी मराठीत येऊन अडकून बसली. ज्ञानेश्वरीच्या शेवटी "शके बाराशतें बारोत्तरें" येतं ते हेच, १२१२ त ७८ मिळवा, इ.स. १२९० झालं. आता कुणी व्याकरणवाला म्हणेल की मग "शके १९४७ मध्ये" ही डबल सप्तमी झाली, चूक आहे. तसं बघितलं तर "माहे जून महिन्यात" पण डबलच आहे, आणि सरकारी कागदांवर ते वर्षानुवर्षं सुखाने चाललंय. भाषेत असं होतं, मी तरी कुणाला टोकत नाही. आमच्या घरातल्या एका मुंजीच्या पत्रिकेत प्रेसवाल्याने "शंके १९३०" छापलं होतं, त्यापेक्षा कुठलीही सप्तमी परवडली. (मामा आलेल्या प्रत्येकाला "शंकेला वाव आहे बरं का" म्हणत पत्रिका देत होते.)

आता दुसरा प्रश्न, खरी मजा इथे आहे.

इ.स. ७८ हे वर्ष डोळ्यासमोर आणा. गंमत अशी की त्या वर्षी पृथ्वीवर एकही माणूस त्याला ७८ म्हणत नव्हता, कारण इसवी सनाची ती मोजणी डायोनिसियस नावाच्या मठवासीने केली थेट ५२५ मध्ये. रोममध्ये वर्षाला त्या वर्षीच्या दोन कॉन्सलांची नावं असायची, गादीवर म्हातारा वेस्पासियन होता आणि कोलोसियमचं बांधकाम चालू होतं. चीनमध्ये हान सम्राट झांगचं राज्य, तिथे हे वर्ष म्हणजे "ज्यानछू" या राजवर्षनामाचं तिसरं, आणि बान चाओ नावाचा त्यांचा सेनापती तिकडे मध्य आशियात तारीमच्या वाळवंटाच्या कडेने लढाया मारत होता. आणि इटलीतल्या पॉम्पेईमध्ये, शेजारचा व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटायला जेमतेम वर्ष राहिलेलं असताना, एका घरात हस्तिदंताची जेमतेम वीतभर उंचीची बाई उभी होती, अंगावर दागिनेच दागिने, दोन बाजूंना दोन छोट्या दासी. ती भारतातून गेलेली. १९३८ मध्ये राखेखालून निघाली, आता नेपल्सच्या म्युझियममध्ये आहे, आणि तिच्याशी मिळतीजुळती हस्तिदंती बाई आपल्याकडे जालन्याच्या भोकरदनला सापडलीय, तेरला सुद्धा. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा दोन दिवस दुसरं काही सुचत नव्हतं. तेर, पैठणचा माल बैलगाड्यांनी भडोचला जायचा आणि तिथून जहाजाने रोमन मुलखात, हे त्याच शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या प्रवासवहीत लिहिलेलं आहे.

बरं, मग आपल्याकडे वर्ष कसं लिहायचे? सातवाहनांकडे (शालिवाहन हे नाव त्यांच्यावरूनच आलं) पद्धत अशी, की राजा गादीवर बसला की एकपासून सुरुवात, राजा गेला की पाटी कोरी. नाशिकच्या पांडवलेण्यात तीन नंबरच्या लेण्यात सातवाहन राजा पुळुमावीच्या काळातला लेख आहे, त्यात तारीख आहे "सवछरे एकुनवीसे", मग "गिम्हाणं पखे बितीये", मग "दिवसे तेरसे". म्हणजे राज्याचं एकोणिसावं वर्ष, उन्हाळ्याचा दुसरा पाख, तेरावा दिवस. "एकुनवीस" बघा, "पख" बघा, "तेरस" बघा! आजी जे बोलायची तेच जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी दगडात. पण मुद्दा असा की त्यात कुठेही शक नाही. ज्या सातवाहनांच्या नावाने आपण हा शक चालवतो त्यांनी स्वतः तो कधी वापरलाच नाही.

वापरला तो दुसऱ्या पार्टीने, म्हणजे गुजरात-माळव्याच्या क्षत्रपांनी, जे खरोखरच शक होते. एक मोजणी सुरू करायची आणि राजा बदलला तरी न थांबता आकडा पुढे चालू ठेवायचा ही आयडिया पश्चिम आशियातली, अलेक्झांडरनंतरच्या सेल्युकसच्या राज्यात इ.स.पू. ३१२ पासून अशी सलग मोजणी चालू होती. क्षत्रपांनी तेच केलं, बाप गेला, मुलगा आला, आकडा चालूच, दोनशेहून जास्त वर्षं त्यांच्या नाण्यांवर तो दिसतो. पण त्यांच्या लेखातही "शक" हा शब्द वर्षाला जोडलेला नाही! जुनागढला क्षत्रप राजा रुद्रदामनचा मोठा शिलालेख आहे, त्यात नुसतं "वर्षे द्विसप्ततितमे", बहात्तराव्या वर्षी, संपलं (७२ आणि ७८, इ.स. १५०). स्वतःच्या मोजणीला कोण स्वतःच्या जातीचं नाव देतं, आपण घरात "आपला स्वयंपाक" म्हणतो, "मराठी जेवण" असं बोर्डावर बाहेरचा लिहितो. तसंच झालं.

बोर्ड कुणी लिहिला तर दख्खनमध्ये चालुक्यांनी ठळक लिहिला. बदामीला पहिल्या पुलकेशीचा लेख आहे, शकवर्षं ४६५, म्हणजे इ.स. ५४३. आणि तिथल्याच तिसऱ्या लेण्यात चालुक्य राजा मंगलेशाच्या लेखात तर सगळं फोडून सांगितलंय: "शकनृपतिराज्याभिषेकसंवत्सरेषु अतिक्रान्तेषु पञ्चसु शतेषु", शक राजाच्या राज्याभिषेकापासून पाचशे वर्षं उलटल्यावर. इ.स. ५७८ चा लेख. त्यांच्या डोक्यात काही गोंधळ नव्हता, शक राजा गादीवर बसला तेव्हापासूनची ही मोजणी, त्याचा पराभव वगैरे काही नाही. हा राजा कोण याबद्दल पूर्वी कुषाण राजा कनिष्काचं नाव घ्यायचे, पण २००१ मध्ये हॅरी फाल्क या अभ्यासकाने एका जुन्या ज्योतिषग्रंथावरून कनिष्काच्या मोजणीची सुरुवात इ.स. १२७ ला नेली, त्यानंतर बऱ्याच अभ्यासकांचा कल चष्टनाकडे आहे, म्हणजे रुद्रदामनच्या आजोबाकडे. मला स्वतःला ते पटतं.

त्या "अतिक्रान्तेषु" वर पण जरा थांबा. उलटलेली वर्षं, म्हणजे वाढदिवसासारखी मोजणी, बाळ एक वर्षाचं झालं की मग एक. आपलं पंचांग अजून असंच मोजतं. म्हणून हिशेबाने इ.स. ७८ चा पाडवा ते ७९ चा पाडवा हा शके शून्य, आणि शके १ मध्ये काय झालं म्हणाल तर व्हेसुव्हियस फुटला आणि आपली हस्तिदंती बाई राखेखाली गेली.

मग शकांना हरवणारा कुठून आला? हरवलं होतं हे खोटं नाही. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने शक क्षत्रप नहपानाच्या क्षहरात घराण्याचा निकाल लावला, नाशिकच्या लेखात त्याची आई गौतमी बलश्री हे अभिमानाने सांगते. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला नहपानाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली, त्यातल्या नऊ हजारांच्या वर नाण्यांवर गौतमीपुत्राने स्वतःचा छाप मारलेला, नहपानाच्या चेहऱ्यावरच. पुरावा म्हणावा तर असा. फक्त त्या विजयाचा आणि ७८ चा सांधा नंतर जुळवलाय. लोक विसरले की शक म्हणजे कोण, नाव मात्र राहिलं, मग नावाला गोष्ट लागते. अकराव्या शतकात भारतात आलेल्या अल्बेरुनी या विद्वानाला लोकांनी सांगितलं की शक नावाचा जुलमी राजा होता, त्याला विक्रमादित्याने मारलं तिथून ही मोजणी, म्हणजे तोवर शक हा एकच माणूस झाला होता! तेराव्या शतकाच्या आसपास मोजणीला शालिवाहनाचं नाव चिकटायला लागलं, विजयनगरच्या लेखांत तर ते सर्रास दिसतं. पैठणच्या कुंभाराघरी वाढलेला पोरगा, मातीचे शिपाई, त्यांच्यावर पाणी शिंपडलं आणि सैन्य उभं राहिलं, ही गोष्ट त्यावर बसली ती कायमची.

एव्हाना शब्दाचा अर्थ पार पातळ झाला होता. शक म्हणजे लोक राहिले नाहीत, कुठलीही वर्षमोजणी म्हणजे शक. जुन्या पंचांगांच्या पहिल्या पानांवर कलियुगातले सहा "शककर्ते" छापलेले असतात बघा, युधिष्ठिर, विक्रम, शालिवाहन, विजयाभिनंदन, नागार्जुन, कल्की. युधिष्ठिराचा शक ३०४४ वर्षं, विक्रमाचा १३५. हे १३५ म्हणजे इ.स.पू. ५७ ते इ.स. ७८, बरोबर जुळतं. पण युधिष्ठिर शककर्ता! बिचाऱ्याने शक बघितले तरी असतील का. आणि १६७४ मध्ये, म्हणजे शके १५९६ मध्ये, रायगडावर अभिषेक झाल्यावर महाराजांनी राज्याभिषेक शक सुरू केला तेव्हा "शककर्ते" या शब्दात कुणालाही शक आठवले नसणार. ही काही चूक वगैरे नाही, शब्द एवढा वापरात राहिला की त्यातला माणूस झिजून गेला, "कॅलेंडर" म्हणताना रोमन सावकाराची व्याजवही कुणाला आठवते?

तेव्हा पत्रिकेत बिनधास्त "शालिवाहन शके" छापा. फक्त लग्न फेब्रुवारी २०२६ मधलं आहे म्हणालात, तर पाडवा यायचा असल्यामुळे ७८ नाही, ७९ वजा करायचे, १९४७ बरोबर येतं. आणि प्रेसवाल्याला प्रूफ मागा, अनुस्वार बघून घ्या.