आकाशात काहीतरी हललं, पण ते काय होतं? वाचकांचे प्रश्न, माझी उत्तरं

गेल्या काही आठवड्यांत जे प्रश्न आले त्यातले निम्मे तरी एकाच प्रकारचे आहेत, रात्री वर बघत होतो, एक दिवा हलताना दिसला, विमान वाटलं नाही, तारा तर चालत नाही, मग ते काय? मला हे प्रश्न मनापासून आवडतात कारण विचारणारा माणूस खरंच मान वर करून उभा होता. फक्त एक गोष्ट आधीच सांगतो, डोळ्याला दिसतो तो फक्त प्रकाश, तो कुठल्या दिशेला आणि किती वेळ होता एवढंच. किती उंचावर, केवढा मोठा, किती वेगात हे आपण मनाने जोडतो आणि बहुतेक घोळ तिथेच होतो.

प्रश्न: संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला एक ठळक तारा पश्चिमेकडून निघाला, अजिबात न लुकलुकता डोक्यावर आला आणि पूर्वेकडे जाता जाता मध्येच विझला. ढग नव्हता, आवाज नव्हता. तारा असा विझतो कसा?

तो विझला नाही, सावलीत गेला. तुम्ही केलेलं वर्णन आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाला, म्हणजे आयएसएसला अगदी फिट बसतं. ते साधारण ४०० किलोमीटर उंचीवरून सेकंदाला साडेसात किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने जातं, त्याला स्वतःचा दिवा बिवा काही नाही, आपल्याला दिसतो तो त्याच्या पॅनलवर पडलेला सूर्यप्रकाश. खाली आपल्याकडे अंधार झालेला असतो पण तेवढ्या उंचीवर ऊन असतंच, आणि जाता जाता ते पृथ्वीच्या सावलीत शिरलं की दिसेनासं होतं. पुढच्या वेळी छोटी दुर्बीण हातात ठेवा आणि शेवटचे काही सेकंद सोडू नका, पांढरा ठिपका आधी पिवळट होतो, मग तांब्यासारखा आणि मग जातो, म्हणजे तिथे वर त्या क्षणी सूर्यास्त होत असतो. मी हे कितीतरी वेळा पाहिलंय, तरी दर वेळी श्वास रोखला जातो.

त्याची एक फेरी साधारण ९२-९३ मिनिटांची, त्यामुळे कधी कधी एकाच संध्याकाळी दीड तासाने ते परत दिसतं. हेवन्स-अबव्हसारख्या साइटवर तुमच्या जागेसाठी मिनिटामिनिटाचं टायमिंग मिळतं. तुमची वेळ जुळली तर विषय संपला, नाही जुळली तरी दुसरा एखादा उपग्रह असू शकतो, ते हजारोंनी आहेत. बहुतेक उपग्रह सूर्यास्तानंतर दीड-दोन तास आणि सूर्योदयाआधी तेवढाच वेळ दिसतात, म्हणून घड्याळात वेळ बघून ठेवणं फार महत्त्वाचं.

प्रश्न: चाळीसेक दिवे एका ओळीत, आगगाडीच्या डब्यांसारखे एकामागे एक गेले. हे काय होतं?

स्टारलिंक, म्हणजे इंटरनेट पुरवणारे स्पेसएक्स कंपनीचे उपग्रह. २०१९ च्या मे महिन्यात पहिले ६० एकदम सोडले तेव्हा जगभर लोक असेच चक्रावले होते. सोडल्यावर पहिले काही दिवस ते खालच्या कक्षेत एकमेकांच्या जवळ असतात म्हणून माळ दिसते, मग हळूहळू पांगतात, वर चढतात आणि फिके होतात. अजून एक सांगतो, पांगल्यानंतरही हे उपग्रह सूर्य ज्या बाजूला क्षितिजाखाली असतो त्या बाजूला, अगदी खालच्या आकाशात काही सेकंद झळकून जातात, एक झाला की दुसरा, त्याच पट्ट्यात, त्यामुळे तिथे काहीतरी गोल गोल घिरट्या घालतंय असं वाटतं. विमानाच्या पायलटांनाही यावरून प्रश्न पडलेत.

प्रश्न: आग्नेयेला खाली एक दिवा होता, लाल हिरवा निळा होत होता आणि जागच्या जागी हलत होता, कधी डावीकडे कधी वर, झटके दिल्यासारखा. आम्ही चौघं तासभर बघत होतो, चौघांनाही हलताना दिसला. चौघांनाही भास कसा होईल?

भास हा शब्द मी वापरणार नाही कारण तुम्ही जे पाहिलं ते प्रामाणिकपणे पाहिलंय. पण तासभर साधारण त्याच भागात होता म्हणजे तो बहुधा तारा होता, आणि हिवाळ्यात आग्नेयेला खाली असा रंग बदलणारा ठळक दिवा म्हटलं की मी आधी व्याधावर बोट ठेवीन. क्षितिजाजवळच्या ताऱ्याचा प्रकाश हवेच्या खूप जाड थरातून येतो, ती हवा थरथरत असते, प्रत्येक रंग थोडा वेगळा वाकतो आणि तारा सेकंदात चार रंग दाखवतो. ब्रह्महृदय आणि स्वातीसुद्धा खाली असताना हेच करतात. म्हणजे रंग खरे होते, ते आपल्या हवेने दिले.

आता हलण्याचं. काळ्याकुट्ट पार्श्वभूमीवर एकटाच ठिपका असेल तर डोळ्याला धरायला दुसरं काही नसतं, आणि डोळे तर कधीच पूर्ण स्थिर नसतात, मग तो ठिपकाच भटकतोय असं वाटायला लागतं. याला ऑटोकायनेटिक इफेक्ट म्हणतात. १७९९ मध्ये अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट हा जर्मन निसर्गशास्त्रज्ञ टेनेरीफ बेटावरच्या डोंगरावर चढला होता, तिथे पहाटेआधी त्याला तारे डोलताना दिसले आणि त्याने ते चक्क निरीक्षण म्हणून लिहून ठेवलं. एवढा कसलेला निरीक्षक, त्यालाही तारे हलताना दिसले, तेव्हा यात तुम्हाला कमीपणा वाटायचं काहीच कारण नाही.

आणि चौघांचं म्हणाल तर त्याचंही उत्तर आहे. १९३५ मध्ये मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने हाच परिणाम घेऊन प्रयोग केला. अंधाऱ्या खोलीत एक स्थिर दिवा, आणि लोकांना विचारायचं की किती हलला. एकटे असताना प्रत्येकाचं उत्तर वेगळं, गटात बसवून मोठ्याने सांगायला लावलं की उत्तरं हळूहळू एकमेकांजवळ सरकायला लागली. दिवा तसूभरही हलला नव्हता. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की तुम्ही चौघं असाल तर आधी गप्प बसा, प्रत्येकाने स्वतःच्या मोबाईलवर दोन ओळी लिहा आणि मगच बोला. "तो बघ आता डावीकडे गेला" हे एकदा कोणी बोललं की बाकी तिघांची साक्ष गेली.

खात्री करायची असेल तर सोपी पद्धत आहे. डोकं भिंतीला घट्ट टेका आणि तो दिवा एखाद्या तारेच्या किंवा छपराच्या कडेला लागून दिसेल असे बसा. खरंच झटके देत असेल तर कडेच्या या बाजूला त्या बाजूला उडी मारेल. तारा असेल तर झटके एकदम बंद होतात, हे बघताना खूप विचित्र वाटतं, आत्ता नाचत होता आणि आत्ता खिळा मारल्यासारखा. मग दहा-पंधरा मिनिटं तसेच बसलात तर तो सावकाश कडेपासून सरकलेला दिसेल, कारण आकाश चार मिनिटांत साधारण एक अंश फिरतं, आणि हात लांब करून करंगळी धरली की तिची जाडी म्हणजे साधारण एक अंश. असं सरकणं दिसलं की तो आकाशाचाच, खालचा नाही.

प्रश्न: मोठी निळसर पांढरी चकली फिरताना दिसली, दोन-तीन मिनिटांत विरली.

रॉकेट. वरचा टप्पा स्वतःभोवती फिरत फिरत उरलेलं इंधन बाहेर सोडतो, ते गोठून बारीक कण होतात आणि त्यावर वरचं ऊन पडतं, बागेत फिरणाऱ्या फवाऱ्याचं पाणी जसं दिसतं तसंच. २४ मार्च २०२५ ला युरोपभर दिसलेली चकली फाल्कन ९ या रॉकेटची होती. ९ डिसेंबर २००९ ला उत्तर नॉर्वेवर दिसलेली मात्र बुलावा या रशियन क्षेपणास्त्राच्या फसलेल्या चाचणीची होती. त्या दिवशी कुठून काय उडालं ते बघितलं की बहुतेक वेळा दहा मिनिटांत उत्तर मिळतं.

प्रश्न: तीन दिवे त्रिकोणात, एकाच वेगाने, अजिबात आवाज न करता गेले. मध्ये काळं काहीतरी होतं, त्याने तारे झाकले जात होते. हे तरी साधं नाही ना?

तीन दिवे असं काय काय असू शकतं ते आधी बघू. विमानाला डाव्या पंखावर लाल, उजव्या पंखावर हिरवा आणि मागे पांढरा दिवा असतो, शिवाय लुकलुकणारे वेगळे. आवाजाचं म्हणाल तर दहा किलोमीटर उंचीवरच्या विमानाचा आवाज आपल्यापर्यंत यायला अर्धा मिनिट लागतो, तोपर्यंत ते सात-आठ किलोमीटर पुढे गेलेलं असतं, आणि वारा उलटा असेल तर आवाज येतच नाही. तिन्ही दिवे फिके आणि न लुकलुकणारे होते का? कारण अमेरिकन नौदलाचे टेहळणीचे उपग्रह १९७६ पासून त्रिकुटाने सोडले जायचे, ते खरंच त्रिकोण करून जायचे आणि बघणाऱ्याची झोप उडवायचे. पक्ष्यांचे थवेही आहेत, खालून शहराचा उजेड पोटावर पडला की मंद, कडा नसलेले ठिपके दिसतात, फक्त त्यांचा आकार जाता जाता बदलतो.

पण तुमच्या प्रश्नातली खरी गोष्ट "मध्ये काळं काहीतरी" ही आहे. ३ मार्च १९६८ ला रात्री अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांवरून जळते तुकडे रांगेने गेले. ते झोंड ४ या सोव्हिएत मोहिमेच्या रॉकेटचे अवशेष होते, शंभर किलोमीटरच्या आसपास उंचीवर वातावरणात शिरताना जळत होते. बहुतेकांनी बरोबर सांगितलं, पेटलेले तुकडे एका ओळीत. पण काही जणांनी सांगितलं की सिगारच्या आकाराचं एक यान होतं, त्याला चौकोनी खिडक्या होत्या आणि आतून उजेड येत होता, कोणी तर म्हणालं की झाडांच्या शेंड्यांवरून गेलं. खोटं कोणीच बोलत नव्हतं. काही दिवे एकत्र चालले की मन त्यांना जोडून त्यामागे एक अंग तयार करतं. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हार्टमन यांनी काँडन समितीच्या, म्हणजे अशा अनोळखी दिव्यांची चौकशी करणाऱ्या अमेरिकन समितीच्या अहवालासाठी या साक्षी तपासल्या आणि या सवयीला एअरशिप इफेक्ट असं नाव दिलं.

म्हणून मी तुम्हाला एकच विचारतो, नेमका कुठला तारा झाकला गेला? मृगाचा, सप्तर्षीचा, कुठला? ओळखीचा तारा गेला आणि परत आला असं सांगता आलं तर तो पुरावा आहे आणि मी पुढे नक्की बघीन. "तारे दिसत नव्हते" एवढंच असेल तर उजळ दिव्यांच्या शेजारचे फिके तारे डोळ्याला तसेही दिसत नाहीत.

प्रश्न: व्हिडिओ काढलाय, झूम केल्यावर गोल चकती दिसते, कडेने धडधडतेय. डोळ्याला ठिपका होता. कॅमेऱ्याला जास्त दिसलं ना?

नाही हो, कॅमेऱ्याला कमी दिसलं. मोबाईलला अंधारात फोकस सापडत नाही, तो पुढे मागे शोधत राहतो आणि फोकस सुटलेला कुठलाही ठिपका चकतीच दिसतो. तीच चकती शुक्राची निघते, रस्त्यावरच्या दिव्याचीही निघते. झूम अजिबात करू नका, मोबाईल कशाला तरी टेकवा आणि फ्रेममध्ये एखादं झाड, खांब किंवा छप्पर येऊ द्या, म्हणजे दिशा आणि वेग नंतर मोजता येतो. फ्रेममध्ये रस्त्याचा दिवा असेल तर त्याचं प्रतिबिंब लेन्समध्ये पडून मध्यबिंदूच्या बरोबर समोरच्या बाजूला उमटतं, हेही चेक करा.

प्रश्न: तुमच्याकडे प्रत्येकाला उत्तर आहे. मग खरोखर न कळलेलं काहीच नाही का?

आहे ना. अमेरिकन हवाई दलाच्या प्रोजेक्ट ब्लू बुकमध्ये, म्हणजे आकाशात दिसलेल्या अनोळखी गोष्टींच्या चौकशीत, १९४७ ते १९६९ या काळातल्या १२,६१८ नोंदी आहेत, त्यातल्या ७०१ शेवटपर्यंत ओळखल्या गेल्या नाहीत. फ्रान्सच्या अवकाश संस्थेतला गेपान नावाचा विभाग १९७७ पासून हेच काम करतोय, आणि त्यांची वर्गवारी मला फार पटते. माहितीच अपुरी असेल तर तो एक वेगळा गट, आणि माहिती चांगली असूनही ओळख पटली नाही तर तो दुसरा गट. आपण सगळे या दोन्हीची खिचडी करतो. २०२३ मध्ये नासाच्या तज्ज्ञ गटानेही हेच म्हटलं की परग्रहावरचं काही आहे असा पुरावा नाही, आणि मोठी अडचण आहे ती चांगल्या नोंदींची.

नॉर्वेतली हेसडालेन दरी बघा. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे आठवड्याला १५-२० वेळा दिवे दिसायचे, १९९८ पासून तिथे आपोआप नोंद करणारं केंद्र आहे, आणि अजूनही सगळ्यांना पटेल असं एक स्पष्टीकरण नाही. उलट टेक्ससमधले मार्फाचे दिवे घ्या, २००४ मध्ये भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी चार रात्री बसून मोजमाप केलं आणि त्यांना दिसलेले दिवे हायवेवरच्या गाड्यांचे निघाले. दोन्ही ठिकाणी लोक तितकेच खरे होते, फरक कळला तो मोजल्यावर.

माझ्या स्वतःच्या वहीत एक नोंद आहे, बऱ्याच वर्षांपूर्वीची. पहाटे चार वाजून दहा मिनिटं, शर्मिष्ठेच्या खाली नारिंगी ठिपका, हात लांब करून धरलेल्या एका मुठीएवढं अंतर सावकाश गेला, थांबला, आणि आला त्याच बाजूने परत फिरला. उपग्रह मागे फिरत नाही. उल्का सावकाश जात नाही. हवेत सोडलेला आकाशकंदील वाऱ्याच्या उलट येत नाही, पण वारा कुठून होता हे मी त्या रात्री लिहिलंच नाही, आणि तेवढ्या एका ओळीपायी ती नोंद मला अपुऱ्या माहितीच्या गटात टाकावी लागली. अजून हळहळ वाटते. तुम्ही लिहाल तेव्हा वेळ, दिशा, क्षितिजापासून किती मुठी वर, किती सेकंद, कुठल्या ताऱ्याजवळून हे तर लिहाच, आणि वाराही लिहा.