वाचकांचे प्रश्न : अरुण खेत्रपाल यांचे आयुष्य मुलांना कसे सांगावे?

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. दरवर्षी १६ डिसेंबरला विजय दिवसाच्या कार्यक्रमात आमचे विद्यार्थी १९७१ च्या भारत-पाकिस्तान युद्धात बसंतरच्या लढाईत वीरमरण आलेले परमवीर चक्र विजेते सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांच्यावर भाषणे करतात. प्रत्येक भाषण जळत्या रणगाड्यापासून सुरू होते आणि वायरलेसवरील त्यांच्या शेवटच्या वाक्यापाशी संपते. त्याआधीच्या आयुष्याबद्दल मुलांना काहीच सांगता येत नाही. ते कसे सांगावे?
— एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे. ज्याच्या आयुष्याचे शेवटचे दोन-तीन तास सगळ्यांना तोंडपाठ आहेत, त्या माणसाची उरलेली एकवीस वर्षे हळूहळू पुसली जातात आणि मुलांच्या हाती केवळ पुतळा उरतो. भाषण रणगाड्यापासून सुरू न करता पुण्यापासून सुरू करावे, कारण खेत्रपाल यांचा जन्म १४ ऑक्टोबर १९५० रोजी पुण्यातच झाला. वडील लष्कराच्या इंजिनिअर दलात अधिकारी होते आणि कुटुंब मूळचे सरगोध्याचे, म्हणजे फाळणीत घरदार मागे ठेवून आलेल्यांपैकी होते. शालेय शिक्षण सनावरच्या लॉरेन्स स्कूलमध्ये झाले. १९६७ मध्ये ते खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दाखल झाले, पुढे डेहराडूनच्या भारतीय सैन्य अकादमीत गेले आणि १३ जून १९७१ रोजी १७ पूना हॉर्स या रणगाड्यांच्या रेजिमेंटमध्ये अधिकारी म्हणून रुजू झाले. १३ जून ते १६ डिसेंबर हा हिशेब मुलांनाच करायला सांगावा. जेमतेम सहा महिन्यांची नोकरी झालेल्या अधिकाऱ्याविषयी आपण बोलत आहोत, हे त्या वजाबाकीतून जितके कळते तितके कोणत्याही विशेषणातून कळत नाही.

युद्ध जवळ आले तेव्हा ते अहमदनगरला तरुण अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात होते. तेथून रेजिमेंटकडे जाताना ते दिल्लीला घरी थांबले आणि सामानात त्यांनी गोल्फच्या काठ्या आणि समारंभात घालायचा निळा गणवेश भरला. लाहोरला गोल्फ खेळू आणि विजयाच्या मेजवानीला हा गणवेश घालू, असे ते म्हणाल्याचे घरच्यांनी पुढे सांगितले. माझ्या मते भाषणात सर्वांत आधी यावी ती ही गोष्ट. मृत्यूची चाहूल लागलेला, धीरगंभीर वीर तिच्यात कुठेच नाही. आहे तो एकवीस वर्षांचा मुलगा, ज्याला आपण परत येणार याविषयी तिळमात्र शंका नव्हती. अशा मुलाने १६ डिसेंबरला जे केले ते म्हणूनच अधिक मोठे वाटते.

लढाईचे कारणही मुलांना सांगायला हवे. शकरगडचा पाकिस्तानी भूभाग फुगवट्यासारखा भारताच्या दिशेने घुसलेला आहे आणि तेथून हल्ला झाला असता तर जम्मूकडे जाणारा रस्ता तुटण्याचा धोका होता. म्हणून बसंतर नदी ओलांडून पलीकडे पाय रोवणे आवश्यक होते. पलीकडच्या काठावर पायदळ पोहोचले, परंतु भूसुरुंग काढण्याचे काम अर्ध्यावर असतानाच शत्रूच्या रणगाड्यांची हालचाल दिसली आणि पूना हॉर्सचे रणगाडे पूर्ण साफ न झालेल्या सुरुंगक्षेत्रातून पुढे गेले. १६ तारखेच्या सकाळी जरपाल येथे धुराच्या पडद्याआडून पाकिस्तानी चिलखती दलाने प्रतिहल्ला चढवला. तेथील स्क्वॉड्रनने, म्हणजे रेजिमेंटच्या एका रणगाडा-पथकाने, कुमक मागितली तेव्हा दुसऱ्या स्क्वॉड्रनमधले खेत्रपाल आपली रणगाड्यांची तुकडी घेऊन निघाले. वाटेतले शत्रूचे मोर्चे त्यांनी मोडून काढले आणि तेथील सैनिकांना पिस्तुलाच्या धाकावर पकडले. पुढच्या लढतीत शत्रूचे दहा रणगाडे नष्ट झाले, त्यांतले चार एकट्या खेत्रपाल यांच्या नावावर आहेत. त्यांच्या सेंच्युरियन रणगाड्याचे नाव ‘फामागुस्ता’ होते. त्या रणगाड्यात ते एकटे नव्हते, हे भाषणात हमखास राहून जाते. वायरलेस सांभाळणारे सवार नंद सिंग हेही त्याच दिवशी त्याच रणगाड्यात मारले गेले. त्यांचे नाव घ्यायला विद्यार्थ्याला पाच सेकंद लागतील.

आणखी एक तारीख सांगावी. १७ डिसेंबरला पश्चिम सीमेवर युद्धविराम झाला आणि त्याच दिवशी सांबा परिसरात खेत्रपाल यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. घरी मात्र ही बातमी २६ डिसेंबरला कळली. म्हणजे देशभर विजयाचा जल्लोष चालू असताना आणि सैनिकांची कुटुंबे आपापल्या माणसाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली असताना, एका घरातले आई, वडील आणि धाकटा भाऊ नऊ-दहा दिवस काहीच न कळता वाट पाहत होते. दहावीच्या मुलांना यावर वेगळे भाष्य करून सांगण्याची गरज नाही.

प्रश्न : ‘रणगाडा सोडून बाहेर पड’ असा हुकूम असताना खेत्रपाल यांनी तो मानला नाही, असे सांगितले जाते. लष्करात हुकूम मोडणे हा गुन्हा असताना त्यांना परमवीर चक्र कसे मिळाले, असे माझ्या नातवाने विचारले आणि मला उत्तर देता आले नाही.
— एक निवृत्त वाचक, कोल्हापूर

उत्तर : नातवाने नेमक्या जागी बोट ठेवले आहे. रणगाड्याने पेट घेतला की आतील माणसांनी बाहेर पडावे, हा हुकूम त्यांचा जीव वाचावा म्हणून दिला जातो; शत्रूला वाट मोकळी करून द्यावी, हा त्याचा हेतू नसतो. आपला रणगाडा सोडला तर शत्रू या भागातून आत घुसेल, हे खेत्रपाल यांनी ओळखले होते, असे परमवीर चक्राच्या मानपत्रात स्पष्ट म्हटले आहे. आपली मुख्य तोफ अजून चालते आहे, म्हणून आपण रणगाडा सोडणार नाही, असे त्यांनी वायरलेसवर कळवले. हुकूम देणाऱ्याला जे दिसत नव्हते ते समोर उभ्या असलेल्या अधिकाऱ्याला दिसत होते आणि निर्णय त्याने त्या माहितीवर घेतला. त्यांनी शेवटी टिपलेला रणगाडा त्यांच्यापासून जेमतेम शंभर मीटरवर होता, त्यानंतर त्यांच्या रणगाड्यावर दुसरा गोळा बसला. शत्रूला त्या ठिकाणाहून पुढे जाता आले नाही.

तरीही या निर्णयात रणगाड्यातील इतर तिघांच्या जिवाचाही प्रश्न होता, हे नातवापासून लपवू नये. तो विचारील आणि त्याने विचारावे. युद्धातील निर्णय असेच असतात; त्यांतला अवघडपणा काढून टाकला की शौर्याचेही वजन कमी होते.

जाता जाता एक विनंती. खेत्रपाल यांच्या मूळ इंग्रजी वाक्यात शत्रूला उद्देशून एक शिवी आहे. शाळेत ती गाळली तर कोणी हरकत घेणार नाही, परंतु तिच्या जागी स्वतः रचलेली देशभक्तीपर वाक्ये त्यांच्या तोंडी घालू नयेत. अशी भाषणे मी ऐकली आहेत आणि ती ऐकवत नाहीत.

प्रश्न : खेत्रपाल यांचे वडील पुढे पाकिस्तानात गेले आणि ज्याने मुलाला मारले त्याच्याच घरी राहिले, हे खरे आहे काय? खरे असेल तर स्मरणाच्या कार्यक्रमात ते सांगावे काय?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : खरे आहे. २००१ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, निवृत्त ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल आपले जन्मगाव सरगोधा पाहायला गेले. लाहोरमध्ये त्यांचे यजमान होते पाकिस्तानी सैन्यातील निवृत्त ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासर. आदरातिथ्यात काही कमी नव्हते, पण निरोपाच्या वेळेपर्यंत त्यांनी एक गोष्ट मनात ठेवली होती. १९७१ मध्ये ते पाकिस्तानच्या १३ लान्सर्समध्ये मेजर होते आणि बसंतरच्या लढाईत आपल्याच गोळ्याने अरुण मारले गेले, हे त्यांनी शेवटी त्या वृद्ध पित्याला सांगितले. दोघांनी एकाच वेळी एकमेकांवर गोळा झाडला आणि आपण वाचलो, असा त्यांचा वृत्तांत आहे. समोरचा अधिकारी किती लहान होता, हे त्यांना नंतर कळले.

कार्यक्रमात हे अवश्य सांगावे, मात्र ‘शेवटी सगळे सारखेच’ असा गोड निष्कर्ष त्यातून काढू नये. दोन्ही बाजूंनी माणसे आपापल्या देशासाठी लढली आणि त्यातले काही नासर यांच्या मनातून गेले नव्हते. ज्याने प्रत्यक्ष समोर उभे राहून लढत दिली, त्याने तीस वर्षांनंतर एका तरुण अधिकाऱ्याची धडाडी मान्य करावी, ही साक्ष आपल्या कोणत्याही गौरवपर भाषणापेक्षा जास्त वजनाची आहे. हे ऐकताना वडिलांच्या मनात काय आले असेल, ते मात्र आपण रंगवून सांगू नये. तो अधिकार आपला नाही.

प्रश्न : महाराष्ट्रात त्यांच्या आठवणीच्या जागा कोणत्या? ‘पूना हॉर्स’ या नावाचा पुण्याशी काही संबंध आहे काय?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : संबंध थेट आहे. १८१७ मध्ये पेशवे आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात झालेल्या पुण्याच्या तहातून हे घोडदळ उभे राहिले. खडकवासल्याच्या प्रबोधिनीतील ज्या मैदानावर दीक्षान्त संचलन होते, त्याला खेत्रपाल यांचे नाव आहे. ‘फामागुस्ता’ रणगाडा दुरुस्त करून अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, चिलखती दलाच्या प्रशिक्षण केंद्रात जतन केला आहे. जेथे ते शिकत होते, तेच हे गाव. दोन्ही ठिकाणी लष्करी आवार असल्याने आधी परवानगीची चौकशी करून मगच जावे. रेजिमेंटची माहिती काढताना लेफ्टनंट कर्नल आर्देशीर तारापोर यांच्याविषयीही वाचावे. पुण्यात शिकलेल्या या अधिकाऱ्याने १९६५ च्या युद्धात पूना हॉर्सचे नेतृत्व केले, १६ सप्टेंबरला त्यांना वीरमरण आले आणि रेजिमेंटचे पहिले परमवीर चक्र त्यांच्या नावावर आहे.