जंप जॉकी होऊ पाहणाऱ्या मुलाला पत्र

प्रिय मुला,

इंग्लंडमध्ये तुला कंडिशनल जॉकीचा, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीतल्या शिकाऊ जॉकीचा परवाना मिळाला, मनापासून अभिनंदन. मुंबई-पुण्याच्या रेसकोर्सवर पाहिलेल्या सपाट शर्यतीपेक्षा हे काम पार वेगळं आहे. इथे घोड्याला अडथळ्यांवरून उड्या मारायच्या असतात: हर्डल हा हलका अडथळा किमान साडेतीन फुटांचा आणि फेन्स हा भक्कम अडथळा किमान साडेचार फुटांचा.

आज ट्रेनर तुला घोडा देतात, कारण तू बसलास की घोड्याला वाहायच्या वजनात सात पौंडांची सूट मिळते. २० विजयांनंतर ती पाच पौंड होते, ४० नंतर तीन, ७५ नंतर काहीच नाही. कितीतरी चांगली मुलं तिथेच अडकतात, कारण सूट संपली की तोच घोडा अनुभवी जॉकीकडे जातो. म्हणून सूट आहे तोवर आणखी दोन-तीन ट्रेनरांचा विश्वास कमव. सकाळी त्यांच्याकडे स्कूलिंगला, म्हणजे घोड्यांच्या उड्यांच्या सरावाला जा, अवघड घोड्यालाही नाही म्हणू नकोस.

पडणं ठरलेलंच आहे, पंधरा-वीस राइडमागे एकदा तरी. पडताना हात टेकू नकोस, कॉलरबोन जातो. हनुवटी छातीला लाव, हात पोटाशी घे, खांद्यावरून गोल फिर आणि मागचे सगळे घोडे जाईपर्यंत तसाच गोळा होऊन राहा. पडलेल्या माणसाला घोडा शक्यतो टाळतो; धडपडत उठणारा मात्र ऐनवेळी त्याच्या पायांत येतो. उडीनंतर घोडा अडखळला तर लगाम बोटांतून सरकू दे. तोल सावरायला त्याला मान लांब करावी लागते, तू ओढून धरलंस तर दोघंही जाल.

डोक्याला मार लागला तर डॉक्टरपासून लपवू नकोस. मोसमाआधीची बेसलाइन चाचणीही, म्हणजे मेंदू ठीक असतानाची तपासणी, खरी दे, कारण नंतरची तुलना तिच्याशीच होते. मेंदू सावरण्याआधी बसलेला दुसरा मार फार घातक असतो.

वजन उतरवायला अंगातून घाम काढू नकोस. ब्रिटिश रेसकोर्सवरचे सॉना (घाम काढायच्या गरम खोल्या) २०२१मध्ये कायमचे बंद झाले, ते योग्यच झालं. घरच्या कढत पाण्याच्या टबातही तोच धोका आहे: अंगातलं पाणी गेलं की हात-डोकं मंदावतं. लॅम्बर्न गावातल्या ओक्सी हाउस या जॉकींच्या उपचार केंद्रात आहारतज्ज्ञ भेटतात, त्यांच्याकडे जा.

पुढचं आयुष्य आजच धर. जंप जॉकी ए. पी. मॅकॉय सलग २० वेळा चॅम्पियन होऊन २०१५मध्ये चाळिशीत थांबले, पण तो अपवाद. बहुतेकांचं त्याआधीच संपतं, काहींचं एकाच पडण्यात. टिम ब्रुकशॉ आणि पॅडी फॅरेल या जॉकींच्या अपघातांनंतरच १९६४मध्ये जखमी जॉकींसाठीचा निधी, इंजर्ड जॉकीज फंड, उभा राहिला.

राइड मिळतात तेव्हाच पैसे येतात. एजंट, व्हॅले (खोगीर-कपडे सांभाळणारा मदतनीस), पेट्रोल यांत बरेच जातात. कराचा वाटा प्रत्येक चेकमधून वेगळ्या खात्यात टाक, आणि हात मोडला तर सहा महिने घर चालेल एवढी शिल्लक ठेव. जॉकींच्या शिक्षणासाठी जेट्स ही संस्था आहे. राइड चालू असतानाही ती अभ्यासक्रमांना मदत करते. दुसऱ्या मोसमाआधी त्यांना फोन कर: हिशेब, फिजिओ, ट्रेनरचा परवाना, जे आवडेल त्याची चौकशी कर.