'मुळे'साठी इंग्लिशमध्ये कुठलं व्हर्ब?

तुम्ही विचारलंय की रिपोर्टमध्ये सारखं बिकॉज ऑफ येतं, त्याऐवजी कॉज, लीड टू, रिझल्ट इन असले फॉर्मल व्हर्ब कुठे कुठला वापरायचा. माझंही हेच व्हायचं, कारण मराठीत एक 'मुळे' लावला की भागतं, पावसामुळे पूर, पुरामुळे नुकसान, सगळीकडे तोच. इंग्लिशमध्ये मात्र वाक्य कारणापासून सुरू होणार की परिणामापासून हे व्हर्बवर ठरतं.

कॉज, लीड टू, रिझल्ट इन यांच्या आधी कारण येतं, आणि रिझल्ट फ्रॉम, स्टेम फ्रॉम यांच्या आधी परिणाम. 'हेवी रेन रिझल्टेड इन फ्लडिंग' बरोबर, 'द फ्लडिंग रिझल्टेड फ्रॉम हेवी रेन' पण बरोबर, पण इन आणि फ्रॉमची अदलाबदल झाली की पुरामुळे पाऊस पडला असा अर्थ होतो. आणि आपल्याकडे सर्रास लिहितात ते 'रिझल्टेड इन्टू' चूक आहे, प्लीज नका लिहू. लीडचा भूतकाळ लेड, त्याच्या स्पेलिंगमध्ये ए नसतो.

कॉज शक्यतो वाईट गोष्टींना लावतात, डॅमेज, डिले, पेन वगैरे. इम्प्रूव्हमेंट झाली असेल तर लेड टू लिहा, ते कानाला बरं वाटतं. कॉजनंतर दॅट लावू नका, 'द रेन कॉज्ड द रिव्हर टू ओव्हरफ्लो' असं लिहायचं.

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच आहे. कॉज लिहिलं की सगळा भार तुम्ही त्या एका गोष्टीवर टाकता. कॉलेजात 11 डिसेंबर 1967 च्या कोयना भूकंपावर लिहिताना मी 'द रिझर्व्हॉयर कॉज्ड द अर्थक्वेक' असं लिहिलं होतं, सरांनी कॉज्ड खोडून ट्रिगर्ड केलं आणि म्हणाले, अरे खडकातला ताण आधीपासूनच होता, धरणाचं पाणी निमित्त झालं. तेव्हा डोक्यात बसलं की आपण मराठीत कारण आणि निमित्त यात जो फरक करतो तोच कॉज आणि ट्रिगरमध्ये आहे. तसंच एखाद्या गोष्टीने नुसता हातभार लावला असेल तर कॉन्ट्रिब्यूट टू, आणि कारण दुसऱ्या कोणी सांगितलं असेल, तुम्ही स्वतः तपासलं नसेल, तर 'इज अ‍ॅट्रिब्यूटेड टू' लिहा, रिपोर्टमध्ये तेच जास्त प्रामाणिक असतं.