ड्रोन बुडत्याला वाचवेल का?

प्रश्न : ध्रुव हेलिकॉप्टरं थांबवली, तेव्हा समुद्रात शोध-बचावाचं काम ड्रोन करू शकले असते का?

उत्तर : शोध, हो. बचाव अर्धाच. ५ जानेवारी २०२५ रोजी पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव कोसळून तिघांचा जीव गेला आणि सगळ्या ध्रुव हेलिकॉप्टरांची उड्डाणं थांबवली गेली. ड्रोनचा थर्मल (उष्णता टिपणारा) कॅमेरा रात्रीही लाटांतलं डोकं टिपतो. फुगणारा तराफाही ड्रोन टाकू शकतो; तो वारा येतो त्या बाजूला टाकावा, म्हणजे माणसाकडे वाहत येतो. पण गारठलेल्या हातांना वर उचलणारा पट्टा स्वतःला अडकवता येत नाही; त्यासाठी हेलिकॉप्टरच्या विंचवरून (दोर सोडणाऱ्या-ओढणाऱ्या यंत्रावरून) उतरणारा पाणबुड्याच हवा. तो एक पट्टा काखेखाली आणि दुसरा गुडघ्यांखाली घालतो, कारण बराच वेळ पाण्यात राहिलेल्याला उभं उचललं तर रक्तदाब कोसळू शकतो.