क्रँक एका रेषेत बसत नाहीत? आधी एवढं बघा

पहिलीच रोड बाईक स्वतः जोडताय, फार छान! क्रँक म्हणजे पेडल लावायचे दोन दांडे; ते एकमेकांच्या बरोबर उलट दिशेला, एका रेषेत हवेत, आणि तुम्हाला ते तसे दिसत नाहीत. बहुतेक वेळा दोष जोडणीत असतो, पार्टमध्ये नाही. त्यामुळे लगेच नवीन सेट मागवू नका.

नुसत्या नजरेवर जाऊ नका. चेन चढवण्याआधी दोऱ्याला नट बांधून ओळंबा करा. उजव्या क्रँकच्या पेडलच्या भोकाचा मध्य आणि ॲक्सलचा (दोन्ही क्रँकना जोडणाऱ्या आसाचा) मध्य दोऱ्यावर आणा, मग काही न हलवता डाव्या बाजूला तेच बघा.

शिमानोचं हॉलोटेक २ (पोकळ ॲक्सल उजव्या क्रँकलाच पक्का जोडलेली रचना) असेल तर डावा क्रँक एकाच स्थितीत बसतो. ॲक्सलवरची रुंद खाच शोधा, दाते पुसून ग्रीस लावा, दोन्ही बोल्ट पूर्ण सैल करा आणि क्रँक हाताने सरकवा. जात नसेल तर काढून परत लावा, ठोकू नका.

नवखे लोक हमखास चुकतात ते इथे: ॲक्सलच्या डाव्या टोकाला बसणारी प्लास्टिकची कॅप जोर लावून आवळतात आणि बेअरिंग जाम होतं. कॅप फक्त खेळ (डावी-उजवी हालचाल) जाईपर्यंत, ०.७ ते १.५ न्यूटन-मीटर. मग दोन्ही बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे, १२ ते १४ न्यूटन-मीटरपर्यंत. एक पूर्ण आवळून मग दुसरा, असं नको.

जुना चौकोनी ॲक्सल असेल आणि काही अंशांचा फरक दिसत असेल, तर बहुधा क्रँकचं चौकोनी भोक झिजलंय. सैल बोल्टवर सायकल चालवली की असं होतं. भोक झिजलं असेल तर तो क्रँक बदलाच.

फ्रेमपासूनचं डावं-उजवं अंतर आत्ता मोजत बसू नका. ओळंब्याला काय दिसलं ते आणि क्रँकचं मॉडेल कळवा, पुढचं बघू.