टू सीव्ही: पॅड बदलण्याआधी ब्रेकच्या टाकीतलं तेल बघा

तरुणपणी चालवलेली तशीच सिट्रोएन टू सीव्ही, ती जुनी फ्रेंच गाडी, पुन्हा घेतली, सर्व्हिसिंग करून आणली, आणि थोड्याच दिवसांत ब्रेकचं पेडल वेगळं लागायला लागलं. पाय काढला तरी पुढची चाकं धरल्यासारखी वाटतात आणि गॅरेजवाला म्हणतो ब्रेकचे पॅड बदला. तुमचं हे वाचून अंगावर काटा आला हो. लिहिलंय तुम्ही, पण गाडी माझीच वाटली.

पॅड बदलू नका. निदान इतक्यात नको.

टायर, चाकांचं बेअरिंग वगैरे तुम्ही पाहिलंच असेल, त्यात शिरत नाही. ब्रेकच्या टाकीत नेमकं काय ओतलं, हे विचारलंत का? ड्रम ब्रेकवाल्या जुन्या टू सीव्हीला डॉट फ्लुइड लागतं, म्हणजे बाकीच्या गाड्यांत असतं ते नेहमीचं ब्रेकचं तेल. 1981 पासून टू सीव्ही सिक्सला पुढे डिस्क आल्या, त्यांना मात्र एलएचएम लागतं. हे हिरवं खनिज तेल, सिट्रोएनच्या हायड्रॉलिकवाल्या मोठ्या गाड्यांत असायचं तेच. दोन्हीकडचं रबर वेगळं. एकात दुसरं पडलं की सील बिघडतात, पिस्टन नीट मागे येत नाही. आणि हे त्याच दिवशी कळत नाही. गाडी गॅरेजमधून मस्त पळत घरी येते, म्हणून कुणाला संशयही येत नाही.

माझ्या डिस्कवाल्या गाडीत ज्यांनी डॉट ओतलं, ते ‘जुन्या गाड्यांचे खास’ म्हणवणारे होते. नाव घेत नाही. तक्रार घेऊन गेलो तर पॅड बदलले, बिल लावलं. पुन्हा गेलो तर म्हणाले हँडब्रेक घट्ट आहे. या गाडीचा हँडब्रेक पुढच्याच चाकांवर चालतो, त्यामुळे पटलंही. तेही बिल भरलं. त्यानंतर काउंटरवरच्या माणसाने मान वर न करता ऐकवलं, ‘साहेब, जुनी गाडी आहे, असंच चालायचं.’ टाकीचं झाकण उघडून बघायची तसदी एकानेही घेतली नाही! शेवटी दुसऱ्याच एका म्हाताऱ्या मेकॅनिकने ते उघडलं आणि आतला रंग बघून मलाच विचारलं, हे कुणाचं काम? मास्टर सिलिंडर, कॅलिपर, होज, झाडून सगळं रबर गेलं. भरपाई मागायला गेलो तर बिलावर फक्त ‘ब्रेक फ्लुइड टॉप-अप’. कुठलं फ्लुइड, ते लिहिलेलंच नाही. मग सिद्ध काय करणार, कप्पाळ? त्या खर्चाने कंबर मोडली आणि पुढे गाडी विकावी लागली. तेव्हापासून कुठल्याही गाडीच्या बिलावर तेलाचा प्रकार लिहून घेतल्याशिवाय मी पैसे देत नाही. लोक मला किरकिऱ्या म्हणतात, म्हणोत.

गाडी विकल्याचं अजून लागतं. 602 सीसीचं दोन सिलिंडरचं एअर-कूल्ड इंजिन, रेडिएटर नाही, डिस्ट्रिब्यूटर नाही, दोन्ही प्लग एकाच वेळी ठिणगी टाकणारे. बॅटरी झोपली तर हँडल मारून सुरू. छताचं कापड गुंडाळलं की वर नुसतं आभाळ. डॅशबोर्डातून बाहेर आलेला गिअरचा दांडा छत्रीच्या मुठीसारखा पिळत ओढायचा. पुढच्या खिडकीची खालची अर्धी काच वर दुमडून अडकवायची, ती नेमकी कोपरावर आपटायची. वळणावर गाडी इतकी कलायची की शेजारी बसलेला नवखा माणूस दाराला धरायचा, पण चाकं रस्ता सोडत नसत. 1948 ते 1990 एवढी वर्षं ही गाडी बनत राहिली ती उगाच नाही. चढावर मागे रांग लागायची, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

असो, तुमच्या गाडीकडे येतो. नोंदणीच्या वर्षावर विसंबू नका, या गाड्यांचे गिअरबॉक्स सर्रास बदललेले असतात. पुढचे ब्रेक चाकांत नसून गिअरबॉक्सला लागून असतात, तेव्हा बॉनेट उघडून डिस्क (उघडी चकती) की ड्रम (बंद डबा) ते डोळ्यांनी बघा. मग सिरिंजने टाकीतलं थोडं काढून पाणी भरलेल्या काचेच्या बाटलीत टाका आणि हलवा. डॉट पाण्यात मिसळतं, एलएचएम वर तरंगतं. दोन्ही दिसलं तर मिसळ झालीय. चुकीचं निघालं तर गाडी अजिबात चालवू नका, उचलून न्या. नुसतं तेल बदलून भागतं असं सांगणारे भेटतील. माझ्या मते रबराला धक्का लागला असेल तर सगळं रबर बदलणं आणि पाइप धुऊन काढणं याला पर्याय नाही. मी मेकॅनिक नाही, ब्रेकचा मामला आहे, जाणकाराला दाखवूनच ठरवा.

गाडी वर उचलालच, तर किंगपिनला, म्हणजे पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिला, ग्रीस मारून घ्या आणि चेसिस टोकरून बघा, ती आतून गंजते आणि वरून दिसत नाही.

बाटलीत काय दिसलं ते इथे लिहा, मग कुठलं रबर किट मागवायचं ते बोलू.